आधी अंघोळ, मग कोंबड्या!

पुण्यातल्या एका कंपनीकडे काही कोंबड्या अशा आहेत, की त्यांना भेटायचं तर आधी अंघोळ करावी लागते. भेटून आल्यावर नाही हं, भेटायला जाण्याआधी! आणि घाईघाईत दोन तांबे ओतून घेतले, असलं काही तिथे चालत नाही. डोक्यावरून, साबण लावून, केस धुऊन. आपले कपडे, चपला, घड्याळ, मोबाइल सगळं अलीकडे ठेवायचं. पलीकडे गेल्यावर तिथलेच धुतलेले कपडे आणि तिथलेच बूट घालायचे. घरी पोपट, कबुतरं किंवा दुसऱ्या कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला तर अशा ठिकाणी सहसा कामच देत नाहीत.

एवढ्या लाडाच्या कोंबड्या आहेत तरी कुणाच्या? व्यंकटेश्वरा हॅचरीज हे नाव पुण्यातल्या मुलांनी सिंहगड रस्त्यावरून जाताना कधीतरी वाचलं असेल. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला हा कोंबडीपालनाचा उद्योग. त्याचं मुख्य ठाणं आज पुण्यात आहे. त्यांच्याच व्यंकीज कंपनीने अमेरिकेतल्या स्पाफास कंपनीच्या तांत्रिक मदतीने एसपीएफ अंडी तयार करायला घेतली. एसपीएफ म्हणजे स्पेसिफिक पॅथोजेन फ्री. रोगजंतूंची एक लांबलचक यादी असते. त्या यादीतला एकही जंतू कोंबडीच्या अंगात नाही, असं पुन्हा पुन्हा तपासलेलं असतं. ही अंडी ऑम्लेट करण्यासाठी नसतात. मग कशासाठी? थोडं थांबा, तिकडे येतेच आहे.

आधी जरा पहारेकऱ्यासारखा विचार करू. कोंबड्यांच्या घरात जंतू कुठून कुठून शिरेल? माणसाच्या अंगावरून शिरेल, म्हणून अंघोळ. बुटांच्या तळव्यांवरून शिरेल, म्हणून बूट वेगळे. खाद्यातून शिरेल, म्हणून खाद्य तापवून घ्यायचं. उंदीर आणि चिमण्या घेऊन येतील, म्हणून भिंतीला भोक ठेवायचं नाही. सगळी दारं अडवली म्हणता? हवा राहिली की! ती बंद करता येत नाही. आणि हवेबरोबर येते धूळ.

ही धूळ नेमकी असते कशी, ते बघायला साध्या पोल्ट्रीत जाऊ. पुणे जिल्ह्यात पोल्ट्री शोधायला फार भटकावं लागत नाही. उरुळी कांचनला तर कोंबडीपालन शिकवणारी, डॉ. रावांच्या नावाची संस्थाच आहे. नेहमीची शेड लांबच लांब असते, आणि तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे ऊन थेट आत घुसत नाही. बाजूच्या भिंती जेमतेम गुडघ्याएवढ्या, त्यावर छपरापर्यंत जाळी, आणि जाळीला पोत्यांचे पडदे. खाली जमिनीवर भाताच्या तुसाची गादी. हजारो कोंबड्या त्या तुसावर चालतात, उकरतात, पंख फडफडवतात, भांडतात आणि अर्थातच घाणही करतात.

आत गेल्यावर कोंबड्यांकडे बघायच्या आधी जाळीची एक तार जवळून बघा. तारेवर करड्या रंगाचा मऊ थर बसलेला असतो. कोळ्याचं जुनं जाळं असेल, तर ते इतकं जाड झालेलं असतं की त्याचा धागा ओळखू येत नाही. बल्बच्या वरच्या बाजूला थर, पाण्याच्या पाइपवर थर, छताच्या कैचीवर थर. ह्यातली चिमूटभर धूळ भिंगाखाली धरली तर काय काय निघेल? पिसांचे बारीक तुकडे. कोंबडीच्या कातडीचा कोंडा. वाळून पूड झालेली विष्ठा. तुसाचा भुगा. मका आणि सोयाबीनच्या खाद्याचं पीठ. आणखी मोठं भिंग लावलं, म्हणजे सूक्ष्मदर्शकच आणला, तर बुरशीचे बीजाणू आणि जिवाणू. त्यातले बरेच जिवाणू मेलेले असतात, पण मेले म्हणून सुटका नाही. त्यांच्या कवचांचे तुकडे छातीत गेले तरी खोकला येतो, दम लागतो.

ही धूळ दिवसभर सारखी नसते. रात्री दिवे मालवले, कोंबड्या गप्प बसल्या की हवा बरीच निवळते. सकाळी दिवे लागले, सगळ्या एकदम उठल्या, पंख झटकले, खाद्याकडे धावल्या की पुन्हा धूळच धूळ.

निवळते म्हटलं खरं, पण सगळी धूळ खाली बसते का? इथे एक भारी गंमत आहे. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. आता असं धरा, की शेडमधली हवा अगदी स्तब्ध आहे, वाऱ्याची झुळूकही नाही. दोन मीटर उंचीवरून आपण तीन गोल कण सोडले. १०० मायक्रॉनचा कण आठेक सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे ११ मिनिटं लागतात. आणि १ मायक्रॉनच्या? जवळजवळ १६ तास! सकाळी सहाला सोडलेला कण रात्री दहाला जमिनीवर टेकणार, तोही वारा अजिबात नसेल तर. कणाचा आकार दहापट लहान झाला, की त्याचा पडण्याचा वेग साधारण शंभरपट कमी होतो. हा हिशेब इंग्लंडमधल्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडला.

पण शेडमधली हवा कधीच स्तब्ध नसते. हजारो कोंबड्या श्वास घेतायत, त्यांच्या अंगाची ऊब वर चढतेय, कुठून तरी वारा येतोय. त्यामुळे १ मायक्रॉनचा कण खाली येतच नाही म्हटलं तरी चालेल. तो हवेचाच झाला. वाऱ्याबरोबर ह्या शेडमधून निघाला, की पलीकडच्या शेडमध्ये! आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या पार तळाशी पोचतात ते हेच लहानगे. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिच्या ‘सफर’ प्रकल्पात शहराच्या हवेतले पीएम १० आणि पीएम २.५ मोजतात. तो २.५ चा आकडा म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. हवेचं प्रदूषण म्हणून त्या कणांना मोजण्याचं कारण हेच.

कोंबडीचं फुप्फुस आपल्यापेक्षा फार वेगळं असतं. आपण श्वास घेतला की फुप्फुस फुगतं, सोडला की आक्रसतं. कोंबडीचं फुप्फुस फुगत नाही, ते जवळपास तेवढंच राहतं. तिच्या पोटात, मानेशी, छातीत मिळून हवेच्या नऊ पिशव्या असतात आणि त्या भात्याचं काम करतात. त्यांना वायुकोश म्हणतात. हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते. एकदा आत घेतलेली हवा पूर्ण प्रवास करून बाहेर पडायला दोन श्वास लागतात. ह्या पिशव्यांचे फाटे काही हाडांतही शिरलेले असतात, म्हणजे कोंबडीची काही हाडं चक्क हवेने भरलेली! उडणाऱ्या पक्ष्याला भरपूर प्राणवायू लागतो, त्यासाठी ही सोय. कोंबडी फारशी उडत नाही, पण सोय मात्र तीच. त्या सोयीची दुसरी बाजू अशी, की हवेतला जंतू एकदा आत शिरला तर त्याला अंगभर हिंडायला ऐसपैस जागा मिळते.

आता एक जुनी गोष्ट. १९०७ मध्ये हंगेरीतल्या योझेफ मारेक नावाच्या पशुवैद्याला पाय लुळे पडलेले काही कोंबडे दिसले. त्यांचं वर्णन त्यांनी लिहून ठेवलं आणि पुढे त्या रोगालाच मारेक यांचं नाव मिळालं. ह्या रोगात पुष्कळदा कोंबडीचा एक पाय पुढे आणि एक मागे, असा ताणलेला राहतो. रोग विषाणूचा आहे हे कळायला पुढची अनेक वर्षं गेली. पण तो पसरतो कसा? कोंबड्या एकमेकींना चावत नाहीत, सगळ्या काही शिंकत नाहीत, तरी एका शेडचा रोग दुसऱ्या शेडमध्ये जातो. १९७० च्या सुमाराला उलगडा झाला. विषाणू तयार होत होता पिसांच्या मुळाशी, कातडीच्या पेशींत. पीस झडलं, कोंडा सुटला, की विषाणू त्या कोंड्यावर बसून हवेत! शेडमधल्या कोरड्या धुळीत तो कित्येक महिने टिकतो. म्हणजे धूळ नुसती घाण नव्हती, ते विषाणूचं वाहन होतं.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी एक साधी युक्ती करून पाहिली होती. कोंबडीच्या पिलांना बंद घरात ठेवायचं आणि घरात येणारी सगळी हवा फिल्टरमधून गाळून आत ढकलायची. बाहेर मारेकचा रोग असतानाही आतली पिलं ठणठणीत राहिली. आज जगभर एसपीएफ कोंबड्यांची घरं ह्याच धर्तीवर बांधतात.

आता फिल्टरकडे वळू. मला विचाराल, तर सगळ्यात मोठं आश्चर्य इथे आहे. फिल्टर म्हटलं की आपण चाळणीचा विचार करतो. चाळणीची भोकं लहान, त्याहून मोठा कण अडकला, लहान निसटला. सरळ हिशेब. पण हेपा नावाचा जो सर्वांत कडक फिल्टर असतो, तो चाळणी नाहीच! त्यात काचेचे अतिशय बारीक धागे कसेही, आडवेतिडवे पसरलेले असतात. त्या धाग्यांमधल्या फटी पकडायच्या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. कण खुशाल मधून जाऊ शकतो. मग तो जात का नाही?

असं समजा, की हवा म्हणजे कसबा पेठेतल्या वळणावळणाच्या बोळांतून जाणारी गर्दी आणि धागे म्हणजे वाड्यांच्या भिंती. गर्दी प्रत्येक कोपऱ्यावर वळते. त्या गर्दीत एक भरलेला टेम्पो भरधाव आलाय. बोळ वळतो, पण टेम्पोला तेवढ्यात वळता येत नाही, तो सरळ भिंतीवर आदळतो. मोठ्या, जड कणांचं असंच होतं. दुसरा आहे सायकलवाला. तो बोळाबरोबर बरोबर वळतो, पण भिंतीच्या इतक्या जवळून जातो की त्याचं हँडल भिंतीला घासतं. मधल्या आकाराचे कण असे अडकतात. आणि तिसरं आहे कुत्र्याचं पिल्लू. ते सरळ चालतच नाही. इकडे उडी, तिकडे धाव, पुन्हा मागे. कुठल्या तरी भिंतीला ते धडकणारच, कितीही रुंद बोळ असला तरी. सगळ्यांत लहान कण असे पकडले जातात.

पिल्लू असं का धावतं? म्हणजे कण हो! हवेचे रेणू सगळ्या बाजूंनी त्याला सतत धक्के देत असतात. मोठ्या कणाला ते धक्के जाणवतही नाहीत, लहानग्याला मात्र ते पार हेलपाटून टाकतात. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये पाण्यातले बारीक कण असे नाचताना सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते, आणि ते का नाचतात याचं गणित १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी मांडलं.

एकदा धाग्याला टेकला की कण सुटत नाही. इतक्या लहान वस्तूंना अगदी जवळ आल्यावर एकमेकींची जी ओढ लागते, ती त्यांच्या वजनापुढे फार मोठी असते. पाल भिंतीवर उलटी चालते ना, तीही ह्याच ओढीच्या जिवावर.

आता सांगा बरं, पकडायला सगळ्यात अवघड कण कोणता? सगळ्यात लहान? चूक! अवघड असतो तो मधला. टेम्पोसारखा जड नाही, पिल्लासारखा नाचराही नाही. त्याचा आकार साधारण ०.३ मायक्रॉन. त्याहून मोठे कण जास्त सहज पकडले जातात आणि त्याहून लहानही. म्हणून हेपा फिल्टरची परीक्षा मुद्दाम ह्या ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतात. दहा हजार कण सोडले तर जास्तीत जास्त तीन पलीकडे जायला परवानगी. ९९.९७ टक्के म्हणतात ते हे. करोनाच्या काळात एन-९५ मास्क घरोघरी आला होता. त्यातला ९५ म्हणजे त्याच आकाराच्या कणांपैकी किमान ९५ टक्के अडवण्याचा वायदा. त्या मास्कच्या धाग्यांत शिवाय वीजभार भरून ठेवलेला असतो, तो कणांना ओढून घेतो. मास्क साबणाने धुऊ नका असं सांगायचे ते म्हणूनच, नाहीतर तो भार जातो.

हेपा फिल्टरचा जन्म मात्र कोंबड्यांसाठी झाला नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत अणुबॉम्बचं काम चालू होतं, तेव्हा किरणोत्सारी धूळ अडवायला तो बनवला गेला. पुढे तो दवाखान्यांत आला, कारखान्यांत आला, विमानांत आला आणि कोंबड्यांच्या घरातही.

हा फिल्टर जवळून बघितला तर त्याच्या घड्या दिसतील. कागदाचा पंखा करताना घालतो तशा, एकामागोमाग एक, दाट. साधारण दोन फूट लांब-रुंद आणि फूटभर जाड अशा एका चौकटीत घड्या उलगडल्या तर पंधरा-वीस चौरस मीटर कागद निघतो, म्हणजे एका मोठ्या खोलीची जमीन झाकेल एवढा! जागा जास्त मिळाली की हवा हळूहळू जाते आणि पंख्याला जोर कमी लावावा लागतो. हेपाच्या आधी एक-दोन साधे, भरड फिल्टर लावतात. पिसं, किडे, मोठी धूळ तिथेच अडते, नाहीतर हा महागडा फिल्टर लगेच तुंबेल. आणि आणखी एक उलटी गोष्ट ऐका. असा फिल्टर मळत जातो तसा तो कण जास्त चांगले पकडतो, कारण अडकलेल्या धुळीच्या नव्या भिंती तयार होतात. पण हवा जायला त्रास होऊ लागतो. फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे हवेचा दाब मोजणारं मीटर लावलेलं असतं. दोन्हींतला फरक ठरलेल्या आकड्यापुढे गेला, की फिल्टर बदलायचा.

एवढा भारी फिल्टर लावला, झालं काम? नाही. हवा फार लबाड असते. मोठ्या आधुनिक पोल्ट्री शेडमध्ये, ज्यांना शेतकरी ईसी शेड म्हणतात, एका टोकाला मोठे पंखे आतली हवा बाहेर फेकतात आणि दुसऱ्या टोकाच्या ओल्या पॅडमधून नवी हवा आत येते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. अशा शेडला फिल्टर लावला आणि भिंतीत एक फट राहिली, तर हवा फिल्टरमधून कशाला येईल? सोपी वाट सोडून अवघड वाट कोण धरतं! ती फटीतून शिरेल, जंतूंसकट.

एसपीएफ घरात म्हणून उलटं करतात. पंखा बाहेरची हवा फिल्टरमधून घेऊन आत ढकलतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो. भिंतीला फट पडली, दार उघडलं, तरी हवा आतून बाहेरच जाते. बाहेरच्या धुळीला शिरकावच नाही. माझ्या मते फिल्टरपेक्षाही ही युक्ती जास्त हुशारीची. फिल्टर कण पकडतो, पण हवेने कुठल्या दिशेला जायचं हे दाब ठरवतो.

गंमत म्हणजे पुण्यातच ह्याच्या बरोबर उलटं घरही आहे! पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची अतिधोकादायक विषाणूंसाठीची प्रयोगशाळा आहे, बीएसएल-४ दर्जाची, देशातली ह्या दर्जाची पहिली. तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात आणि बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून गाळून सोडतात. कोंबड्यांच्या घरात बाहेरचं आत यायला नको आणि पाषाणला आतलं बाहेर जायला नको. फिल्टर तोच, फक्त हवेचा रोख उलटा.

फिल्टर नीट काम करतोय की नाही, हे ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण कुठली, माहीत आहे? कोंबडीचं रक्त. एखादा जंतू आत शिरला तर कोंबडीचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, म्हणजे लढण्यासाठी लागणारी प्रथिनं. ठरावीक काळाने रक्त तपासतात. प्रतिपिंड सापडलं की समजायचं, कुठून तरी चोर आलेला आहे. आता साध्या पोल्ट्रीत पिलांना डोळ्यात थेंब टाकून मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस देतात. ह्या एसपीएफ कोंबड्यांना मात्र लस देत नाहीत. दिली तर लसीमुळेही प्रतिपिंडं तयार होतील, मग चोर आला की नाही हे कळणार कसं? शिवाय ती प्रतिपिंडं अंड्याच्या बलकात उतरतात आणि पुढच्या कामात अडथळा आणतात.

ते पुढचं काम म्हणजे, आता सांगते, लस बनवणं! ज्यांना स्वतःला लस मिळत नाही त्यांच्या अंड्यांतून इतरांच्या लशी तयार होतात. पिलू वाढत असलेल्या दहा-अकरा दिवसांच्या अंड्यात बारीक सुईने कमजोर केलेला विषाणू सोडतात. दोन-तीन दिवसांत तो आतल्या द्रवात भराभर वाढतो, मग तो द्रव काढून शुद्ध करतात. अंड्यात आधीपासून दुसराच एखादा विषाणू लपलेला असेल तर? तोही लशीत उतरेल. जिवंत विषाणूच्या लशीत असा पाहुणा मुळीच परवडत नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्म व्हायच्या आधी, २००९ च्या ऑगस्टमध्ये, पुण्यात स्वाइन फ्लूने हाहाकार उडाला होता. देशातला ह्या आजाराचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला, शाळा बंद झाल्या, रस्त्यावर जो तो तोंडाला रुमाल बांधून. घरच्यांना विचारा, त्यांना आठवत असेल. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस आणली, नेझोव्हॅक. सुई नाही, दुखणं नाही! ही लस अशाच जंतुमुक्त अंड्यांत वाढवलेल्या कमजोर विषाणूची होती. गालगुंडाच्या लशीचा विषाणूही कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात.

मग असा फिल्टर प्रत्येक पोल्ट्रीला आणि प्रत्येक गोठ्याला का लावत नाहीत? एक तर खर्च. पुण्यातल्या एप्रिलच्या उन्हात हजारो कोंबड्यांना इतकी हवा लागते, की ती सगळी घड्यांच्या फिल्टरमधून ढकलायची तर विजेचं बिल बघून मालकालाच फ्लू होईल. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आत येणारी हवा कितीही गाळा, धूळ तर आतच तयार होतेय! पिसं आतली, कोंडा आतला. फिल्टर बाहेरचा रोग अडवतो, आतली धूळ थांबवत नाही. ती मुळाशीच कमी करावी लागते.

त्याचं कौशल्य शेतकऱ्याच्या मुठीत असतं, खरोखरच मुठीत. तो शेडमधलं मूठभर तूस उचलतो आणि घट्ट दाबतो. मूठ उघडल्यावर लाडवासारखा गोळा तसाच राहिला तर तूस फार ओलं, म्हणजे अमोनियाचा उग्र वास येणार, डोळे चुरचुरणार, पिलांना रक्ती हगवण लागणार. गोळा झालाच नाही, सगळं भुरभुरून गेलं, तर फार कोरडं, म्हणजे धूळ उडणार. किंचित धरलं आणि लगेच सुटलं तर बरोबर. ओलं असेल तर तूस खालीवर करून चुना मिसळतात, कोरडं असेल तर बारीक फवारा मारतात. अमोनिया मात्र वायू आहे, हेपा फिल्टरलाही तो सापडत नाही. त्याच्यासाठी शेडमध्ये हवा खेळती ठेवणं हाच उपाय.

डेन्मार्कमध्ये डुकरांच्या बंद गोठ्यांत खाद्यतेलाचा अगदी बारीक फवारा मारून पाहिला, तर धूळ जमिनीला चिकटून बसली. खाद्यात थोडं तेल मिसळलं तरी पीठ कमी उडतं. काही ठिकाणी हवेत वीजभार सोडणाऱ्या तारा लावतात. धुळीच्या कणांना भार मिळतो आणि ते भिंतीला, छताला जाऊन चिकटतात.

आपल्या गाईम्हशींच्या गोठ्यात धुळीचा कारखाना म्हणजे कडबाकुट्टीचं, म्हणजे वाळका चारा बारीक कापायचं यंत्र. ते चालू झालं की शेजारच्या माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात. यंत्र गोठ्यापासून लांब आणि वाऱ्याचा रोख पाहून ठेवायचं, कुट्टीवर थोडं पाणी शिंपडायचं, तोंडाला उपरणं बांधण्यापेक्षा चांगला मास्क लावायचा. मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, ओलसर असतो, त्यामुळे तो गव्हाणीत टाकताना धूळ जवळजवळ उडतच नाही. घोड्यांची तर वेगळीच अडचण. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्याला फक्त नाकच! धुळकट गवताने त्याला दम्यासारखा आजार होतो, म्हणून चांगल्या तबेल्यांत गवत भिजवून देतात.

आता एक प्रयोग, तोही मोठं माणूस सोबत असेल तरच. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन आहे? गॅस पूर्ण बंद करा. खिडक्या लावा, दार लोटून बोटभर फट ठेवा आणि फॅन चालू करा. फटीच्या बाहेर पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ वर न जाता फटीतून आत ओढला जाईल. म्हणजे तुमचं स्वयंपाकघर झालं पाषाणची प्रयोगशाळा. आता दुसऱ्या एखाद्या खोलीच्या उघड्या खिडकीत टेबल फॅन असा ठेवा, की तो बाहेरची हवा आत ढकलेल. खिडकीची उरलेली जागा पुठ्ठ्याने झाका आणि पुन्हा दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर जर तुमच्याकडे, बाहेरच्या बाजूला आला, तर ते झालं कोंबड्यांचं घर. कुठली फट राहिली असेल तर धूरच ती दाखवून देईल.

जमलं तर ह्याचं उत्तर शोधा. दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी धूर कुठल्या बाजूला जायला हवा, आणि खोकणाऱ्या क्षयरोग्याला वेगळं ठेवतात त्या खोलीच्या दाराशी कुठल्या? दोन्ही उत्तरं सारखी नाहीत.